बिलायत

शिरूर कासारात माघ-फाल्गुनात सिंदफणेच्या काठाने चालत गेलं की पडीक रानात, बांधावर पिवळी फुलं दिसतात. पानांवर पांढऱ्या शिरा, कडांना काटे. चाऱ्याची ओढ असली तरी शेळी त्याला तोंड लावत नाही. फांदी मोडली की पिवळाधमक चीक गळतो. हा पिवळा धोत्रा. काटेरी बोंडावरून धोतऱ्याचं नाव मिळालं, पण कूळ अफूचं. त्याचं दुसरं नाव बिलायत, म्हणजे विलायत, परमुलूख; आणि हे नाव खरं बोलतं.

त्याचं माहेर मेक्सिको. ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ते चिकालोत्ल. आजच्या मेक्सिकोत चिकालोते. तिथे त्याचा चीक डोळ्यांच्या दुखण्यावर वापरत. 1753 साली लिनियसने त्याला ‘आर्जेमोने मेक्सिकाना’ म्हटलं. ग्रीक भाषेत ‘आर्जेमा’ म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. आपण ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो, तोच; त्यावरचं औषध म्हणून हे नाव.

1492 नंतर युरोपीय जहाजांनी दोन्ही जगं जोडली आणि हे झाड इकडे आलं. आल्यावर त्याला संस्कृत नावही चिकटलं: स्वर्णक्षीरी, सोन्यासारख्या दुधाची. पण ते नाव चरकसंहितेतलं. तेव्हा हे झाड भारतात नव्हतंच, म्हणजे चरकांची स्वर्णक्षीरी दुसरीच कुणी असणार. पाहुण्याला जुन्या घराचं नाव मिळालं ते बहुधा चिकाच्या पिवळ्या रंगामुळे. त्याच्यातलं बर्बेरिन हे पिवळं द्रव्य आपल्या दारुहळदीतही असतं, आणि दारुहळदीचं रसांजन वैद्य डोळ्यांसाठीच वापरत आले. इकडे खेड्यापाड्यांत पिवळ्या धोत्र्याचा चीक खरूज-गजकर्णावरही लावत.

गुणाची गोष्ट इथवरच. त्याचं बी काळ्या मोहरीसारखं दिसतं, आणि त्या बियांच्या तेलात सँग्विनारिन हे विष असतं. मोहरीच्या तेलात ते मिसळलं की पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं. 1877 साली कलकत्त्यात या सुजेची साथ नोंदली गेली. 1998 साली दिल्लीत भेसळीच्या तेलाने साठाहून अधिक माणसं दगावली. या दुखण्यातून जे वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो, काचबिंदू होतो.

म्हणून हा चीक डोळ्यात घालू नये, बी खाण्यात येऊ देऊ नये. ज्याच्या शास्त्रीय नावातच डोळ्याचं औषध आहे, त्याचंच तेल पोटात गेलं तर दृष्टी नेऊ शकतं.