कुशिंग लक्षणसमूह

कुशिंग लक्षणसमूह : शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी दीर्घकाळ चढी राहिल्याने होणारा विकार. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले आणि १९३२ मध्ये या विकाराचा पिट्युटरी ग्रंथीतील गाठींशी संबंध दाखवून दिला.

कारणे : बहुतेक रुग्णांत विकाराचे मूळ बाहेरून घेतलेल्या, कॉर्टिसॉलसारखे काम करणाऱ्या स्टेरॉइडमध्ये असते. दमा किंवा संधिवातासाठी एकदा लिहून दिलेल्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून घेत राहणे, गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असणे, गजकर्णावर महिनोन्‌महिने तीव्र मलम चोळणे, ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत. शरीरातूनच उद्भवणाऱ्या प्रकारात सुमारे ७० टक्के रुग्णांना एसीटीएच (ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल स्रवायला लावणारे संप्रेरक) स्रवणारी पिट्युटरीची गाठ असते. हा ‘कुशिंग रोग’ स्त्रियांत अधिक आढळतो. उरलेल्यांत ॲड्रिनल ग्रंथीची किंवा फुप्फुसासारख्या अन्य अवयवातील गाठ सापडते.

लक्षणे : चेहरा गोल व लालसर होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर व मांड्यांवर एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे उमटतात, जरा धक्का लागला तरी त्वचा काळीनिळी पडते. उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, हाडांची झीज, पाळीतील अनियमितता, निद्रानाश व नैराश्य सोबत येतात. या तक्रारींवर सुटे सुटे उपचार होत राहतात आणि निदानाला वर्षे लागतात. ‘खाणे आवरा’ हा सल्ला अशा रुग्णावर अन्याय करणारा आहे.

निदान : आधी स्टेरॉइडच्या वापराची कसून चौकशी करतात. मग रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी ८ वाजता रक्त तपासतात. निरोगी व्यक्तीत कॉर्टिसॉल दबते, रुग्णात दबत नाही. चोवीस तासांची लघवी व मध्यरात्रीची लाळही तपासतात. त्यानंतर एसीटीएच व एमआरआयवरून गाठीची जागा ठरते.

उपचार : पिट्युटरीची गाठ नाकावाटे, तर ॲड्रिनलची गाठ दुर्बिणीतून काढतात. शस्त्रक्रिया अपुरी पडल्यास किरणोपचार किंवा केटोकोनॅझोलसारखी औषधे वापरतात. औषधी स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

सोयी : मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील संप्रेरकविभाग या विकाराच्या उपचार व संशोधनासाठी ओळखला जातो. रुग्णाने तेथे जाताना जुने अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आजारापूर्वीची छायाचित्रे सोबत न्यावीत. चेहऱ्यातील बदल त्यांवरून तज्ज्ञाच्या चटकन लक्षात येतो.

उपचारानंतर : गाठ काढल्यावर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल पूर्ववत होण्यास महिने, कधी वर्षही लागते. तोवर हायड्रोकॉर्टिसोन घ्यावे लागते. या काळातील थकवा व अंगदुखी म्हणजे आळस नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे. ताप आल्यास मात्रा वाढवावी लागते; उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर तातडीने इंजेक्शन घ्यावे. स्टेरॉइडवर असल्याची नोंद असलेले कार्ड खिशात ठेवावे. विकार उलटू शकत असल्याने तपासणी आयुष्यभर चालू ठेवणे आवश्यक असते.