मुंबई हाय क्षेत्रातील तेलप्राप्ती-संशोधन

भूवैज्ञानिक तेलसाठ्यापैकी किती तेल प्रत्यक्ष भूपृष्ठावर आणता येईल, हे खडक, त्यातील द्रव व उत्पादनाची पद्धती यांवर अवलंबून असते. खडकातील नैसर्गिक दाबामुळे मिळणाऱ्या तेलास प्राथमिक प्राप्ती म्हणतात. पाणी किंवा वायू आत सोडून हा दाब टिकविणे ही द्वितीयक प्राप्ती होय. रसायने, मिश्रणक्षम वायू किंवा उष्णता वापरून उरलेले तेल मिळविणे म्हणजे वाढीव प्राप्ती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या सागरी क्षेत्रांत या विषयाला विशेष महत्त्व आले आहे.

१९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट तज्ञांच्या साहाय्याने झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. वर एक विस्तीर्ण संरचना आढळली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-नौकेने तेथे तेल शोधले व मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७६ मध्येच वसईच्या इंग्रजी नावावरून ओळखले जाणारे ‘बसीन’ हे वायुक्षेत्रही सापडले.

मुंबई हायचा प्रमुख तेलाशय मायोसीन कालीन चुनखडकात आहे. त्याचे अनेक थर शेलच्या पातळ पट्ट्यांनी अलग झालेले असून प्रत्येक थराची पार्यता निराळी आहे. १९८४ पासून दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडण्यात येऊ लागले. तथापि अशा खडकात पाणी अधिक पार्य थरांतून वेगाने पुढे जाते. कमी पार्य थरांतील तेल मागे राहते आणि विहिरींतून तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते. पाण्यात बहुवारिक मिसळल्यास त्याची श्यानता वाढून ते अधिक समप्रमाणात पसरते. पृष्ठक्रियाकारकांमुळे तेल व पाणी यांमधील आंतरपृष्ठीय ताण घटतो. परंतु उच्च तापमान व पाण्यातील क्षार यांमुळे यांपैकी अनेक द्रव्ये निकामी होतात. म्हणून प्रत्यक्ष खडकाच्या गाभ्याचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत द्रवप्रवाहाच्या चाचण्या कराव्या लागतात.

या अभ्यासासाठी तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९७८ मध्ये अहमदाबाद येथे तेलाशय अध्ययन संस्था स्थापन केली. विद्यापीठीय पातळीवर धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये १९५७ पासून खनिज तेल अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जात आहे. पुण्याच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनेही पुढे हा विषय सुरू केला. गुजरातेतील मेहसाणा भागातील बालोल व सांथाल येथे जड तेलासाठी खडकातच ज्वलन घडवून आणण्याचे तंत्र यशस्वी झाले. पण तेथील वालुकाश्मासाठी उपयुक्त ठरलेली पद्धती सागरी चुनखडकातील हलक्या तेलास जशीच्या तशी लागू पडत नाही.

मुंबई हायच्या पुनर्विकासाचे कार्यक्रम २००० नंतर हाती घेण्यात आले. जुन्या विहिरींतून तिरक्या नव्या शाखा काढून वगळलेल्या थरांपर्यंत पोहोचणे हा त्यांतील एक मार्ग होता. २०२५ च्या आरंभी तांत्रिक साहाय्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड झाली. अर्धशतकाच्या उत्पादनानंतरही साठ्याचा मोठा भाग खडकातच असल्याने प्राप्तीच्या प्रमाणातील अल्प वाढही नव्या क्षेत्राच्या शोधाइतकी मोलाची ठरू शकते.