थकलेला खंड आणि कुळाची बेदखली : सातारा-सांगली परिसरातील कूळकायद्याचा मागोवा

खंड थकला की जमीनमालकाने कूळ काढावे, हा व्यवहार वरवर साधा वाटतो. प्रत्यक्षात थकबाकी आणि बेदखली यांतील अंतर कायद्याने टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. सातारा-सांगली परिसरात हा प्रवास अधिक गुंतागुंतीचा झाला; कारण १९४८ पर्यंत येथे एकच अंमल नव्हता. ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या गावांना लागूनच औंध, फलटण, सांगली, मिरज, जत या संस्थानांची गावे होती.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने, ज्या कुळाचा आरंभ जुनेपणामुळे सांगता येत नाही, त्यास अनुकूल असे गृहीतक स्वीकारले होते. सालाच्या कराराने जमीन करणाऱ्यास मात्र असा आधार नव्हता. वहिवाटीचे वर्ष ३१ मार्चला संपते असे मानून तीन महिने आधी लेखी नोटीस दिली की पुरे होई. पुढे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यान्वये मुदत संपल्यापासून सहा महिन्यांत मामलेदाराकडे ताबा मागता येई. म्हणजे खंड वेळेवर देणारे कूळही निघू शके; थकबाकी सिद्ध करण्याची मालकास गरजच नव्हती.

१९३९ चा मुंबई कूळकायदा प्रथम १९४१ मध्ये धारवाड, सुरत, ठाणे व पश्चिम खानदेश या चारच जिल्ह्यांत लागू झाला. साताऱ्याला तो १९४६ मध्ये, संपूर्ण प्रांताबरोबर मिळाला. मधल्या काळात या भागात प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव तंटे सोडवीत होती. अशा वातावरणात कचेरीच्या हुकुमावर ताबा मिळविणे मालकास पूर्वीइतके सोपे राहिले नसावे.

खरा बदल १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने घडविला. मालकाने परस्पर ताबा घेण्यास मनाई झाली. कलम २९ प्रमाणे मामलेदाराचा हुकूम आवश्यक ठरला. खंड थकल्यास कूळवहिवाट संपविता येई, परंतु कलम २५ नुसार मामलेदाराने कुळास बाकी व खर्च भरण्यासाठी पंधरा दिवसांची संधी द्यायची होती. ही सवलत तीन वर्षे खंड थकविणाऱ्यास नव्हती. मात्र त्यासाठी मालकाने प्रत्येक कसुरीनंतर तीन महिन्यांच्या आत कुळास कळविलेले असले पाहिजे. या अटी पूर्ण झाल्यावर न्यायबुद्धीच्या नावाखाली कुळास सूट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केले. (घरभाड्याच्या बाबतीत १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानेही संधीचेच तत्त्व ठेवले आहे : मागणीच्या नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा नाही, आणि समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत व्याज व खर्चासह बाकी भरून पुढे नियमित भाडे देणाऱ्यावर हुकूमनामा नाही.)

कागदावरील हा मार्ग वापरण्यासाठी मालक गावात असणे सोयीचे होते. १९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर, या परिसरात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडले. शहरात गेलेल्या मालकास दरवर्षी मुदतीत कळविणे व पोच जपणे जिकिरीचे होते. गावातच राहिलेल्या मालकाजवळ मात्र कायद्याबाहेरचे वजन शिल्लक होते. राजीनामे त्याच वजनातून घडत असावेत. कुळाने स्वखुशीने जमीन सोडल्याचे लिहून देऊन मामलेदारासमोर कबूल केले की थकबाकीचा प्रश्नच उरत नसे. वि. म. दांडेकर व ग. ज. खुदानपूर यांच्या १९५७ च्या पाहणी अहवालाने मुंबई राज्यातील अशा राजीनाम्यांच्या स्वेच्छेविषयी गंभीर शंका उपस्थित केली. थकबाकीच्या दाव्यांवरून बेदखलीचे मोजमाप करणारा अभ्यास म्हणूनच अपुरा ठरतो.

१ एप्रिल १९५७ या कृषकदिनी बहुसंख्य कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली व खंडाचा वाद किमतीच्या हप्त्यांकडे वळला. विधवा, अज्ञान व अपंग मालकांच्या जमिनींबाबत ही खरेदी पुढे ढकलली गेली. तेथे कायद्याचा रोख उलटला : मालकाची मुदत संपल्यावर एका वर्षात खरेदीची इच्छा कळविण्याची जबाबदारी आता कुळावर आली, आणि ती नोटीस न दिल्यामुळे वर्षानुवर्षे बिनचूक खंड भरणाऱ्या कुळालाही खरेदीचा हक्क गमावण्याचा धोका उत्पन्न झाला.