काशीकरांची घरपट्टी

घरपट्टीचं बिल हातात पडलं की आपण पहिल्यांदा आकडा पाहतो, आणि लगेच शेजाऱ्याला विचारतो, "तुम्हाला किती आली?" हा प्रश्न काही आजचा नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी काशीच्या गल्लीगल्लीतून तो विचारला गेला, आणि त्यातून जे घडलं ते आपल्या शाळांच्या इतिहासात क्वचितच सांगितलं जातं.

साल 1810. कंपनी सरकारला पैशाची निकड होती. बंगाल इलाख्यातल्या मोठ्या शहरांतल्या घरांवर कर बसवायचा असं ठरलं, आणि 1810 चा पंधरावा कायदा निघाला. राहत्या घराला वर्षाच्या भाड्यावर शेकडा पाच, दुकानाला शेकडा दहा. देवळं, मशिदी यांना माफी. कागदावर हे सोपं दिसतं. पण ज्या घरात मालक स्वतःच राहतो, त्याचं भाडं कोणतं? तर शेजारपाजारच्या तशाच घराला जे भाडं येतं, त्यावरून अंदाज करायचा. आता अंदाज म्हटला की वाद आलाच! आजा-पणजाने बांधलेलं घर; त्यातून पै मिळत नाही, उलट दर पावसाळ्यात त्यालाच पैसा लागतो; आणि सरकार म्हणतं की हे तुमचं उत्पन्न आहे.

काशी हे कोणा एका प्रांताचं गाव नव्हे. देशोदेशीचे लोक तिथे घर करून होते. आपल्या मराठी मंडळींचे वाडेही तिथल्या घाटांवर होते. अशा शहरात डिसेंबर महिन्यात घरांची मोजणी सुरू झाली आणि शहर थांबलं. लोहार, गवंडी, विणकर, न्हावी, शिंपी, भोई, सगळ्यांनी कामं टाकली. दुकानांना कुलपं लागली. प्रेतं उचलायला माणूस मिळेना, ती तशीच गंगेत सोडावी लागली, असं कलेक्टरने वर कळवलं. वीस हजारांच्या वर माणसं शहराबाहेर धरणं धरून बसली. कर उठल्याशिवाय उठायचं नाही! त्यांच्या हाती शस्त्र नव्हतं, आणि आपण निःशस्त्र आहोत यातच आपली सुरक्षितता आहे अशी त्यांची समजूत दिसते, हेही त्या साहेबाने लिहून ठेवलं आहे. गांधीजींच्या आधी शंभर वर्षांची ही गोष्ट.

धरण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मला त्यांचा अर्ज मोलाचा वाटतो. शिक्षक मंडळींनी तो मुद्दाम मुलांपुढे मांडावा. त्यात नुसती रडगाथा नाही, नेमके मुद्दे आहेत. पूर्वीच्या कोणत्याही बादशहाने रयतेच्या राहत्या घरावर सारा घेतला नाही. जमीनदाराची इस्टेट लिलावात निघाली तरी त्याचं राहतं घर वगळतात, ते का? कर पोलिसाच्या खर्चासाठी म्हणावा, तर बंगाल-बिहारात तो खर्च स्टँप वगैरे पट्ट्यांतून भागतो आणि काशी प्रांतात जमिनीच्या साऱ्यातून. मग हा कर कशाच्या आधारावर? कित्येकांना पडकं घर पुन्हा उभं करण्याचीही ऐपत नाही, कित्येक जण घराच्या भाड्यावरच कसंबसं पोट भरतात, ते कर कुठून देणार?

एक मुद्दा तर वकिलालाही सुचू नये असा आहे. शास्त्राप्रमाणे काशीभोवतालची पाच कोसांची भूमी हे सगळंच पूजास्थान. तुमच्याच कायद्यात पूजास्थानाला माफी आहे. तेव्हा कर कोणत्या घरावर बसवणार, सांगा! वाचताना हसू येतं खरं, पण त्यापुढे लगेच हिशेब आहे. शहरात अदमासे पन्नास हजार घरं, त्यातली जवळजवळ पाऊण देवस्थानं, मशिदी आणि धर्मादाय वास्तू. उरलेल्यांवर कर घेतला तरी मोहल्ल्यांच्या फाटकबंदीचा, म्हणजे दरवाजे आणि चौकीदार यांचा, खर्च जेमतेम निघेल. एवढ्यासाठी इतक्या लोकांना त्रास देणं सरकारच्या दयाबुद्धीला शोभत नाही, असं त्यांनी अदबीने म्हटलं.

अर्ज फेटाळला गेला. गलबल्यापुढे मान तुकवली तर उद्या प्रत्येक कराला धरणं होईल, ही कलकत्त्याची धास्ती. तरीही जानेवारी 1811 मध्ये धर्मस्थानांतले लोक आणि अगदी गरीब घरं यांना सूट जाहीर करावी लागली. पुढे काशीच्या राजाने मध्यस्थी केली, लोक घरोघर परतले. सरकारला वाटलं, जिंकलो. पण दुसऱ्याही शहरांत कुरबूर होतीच. वसुलीपेक्षा वैताग जास्त, हे ध्यानी आलं, आणि 1812 साली तो कायदाच रद्द झाला.

शहाणपण मात्र टिकलं नाही. 1816 मध्ये बरेलीत चौकीदारी कर बसवला, तेव्हा गोष्ट धरण्यावर थांबली नाही. शेकडो माणसं मेली.

काशीकरांकडे धरण्याखेरीज दुसरा मार्ग फारसा नव्हता. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्याने तो घालून दिला. आकारणीची यादी गावात प्रसिद्ध होते, तिच्यावर मुदतीत हरकत घेता येते, आणि समाधान झालं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. हरकत घेताना काशीकरांसारखंच करावं. "फार झाली हो पट्टी" एवढ्यावर भागत नाही. नमुना 8 चा उतारा काढावा. घराची लांबी-रुंदी स्वतः मोजून पाहावी, मातीच्या भिंती विटांच्या म्हणून लागल्या आहेत का ते बघावं, पडलेली पडवी अजून कागदावर उभी आहे का ते पाहावं. मग लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.