वॉटसनची जखम : 1880 आणि 2010

जुनी कथा नव्या काळात आणताना बहुतेक सगळेच बदलावे लागते. त्यामुळे जे बदलावे लागले नाही, तिकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष आधी जायला हवे. आजचा धागा अशाच एका न बदललेल्या शब्दाविषयी आहे : अफगाणिस्तान.

25 जुलै 2010 रोजी बीबीसीवर ‘शेरलॉक’ मालिकेचा पहिला भाग, ‘अ स्टडी इन पिंक’, दाखवला गेला. त्याचा आधार म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांची 1887 मधली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी. लष्करातून परतलेला एक डॉक्टर प्रयोगशाळेत येतो आणि एक अनोळखी तरुण त्याला एकदम विचारतो, अफगाणिस्तान की इराक? कादंबरीतला होम्सही पहिल्याच भेटीत वॉटसन अफगाणिस्तानातून आल्याचे ओळखतो. मधल्या 123 वर्षांत घोडागाडीची टॅक्सी झाली, तारेचा मोबाइल संदेश झाला. डॉक्टर मात्र त्याच देशातून जखमी होऊन परतला. मालिकेचे एक जनक मार्क गॅटिस यांनी या योगायोगाचा उल्लेख स्वतःच केला आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स भेटलेल्या आपल्यापैकी अनेकांना धुके, गॅसचे दिवे आणि घोड्यांच्या टापा हाच त्याचा प्राण वाटतो. 1887 च्या वाचकाला त्यांत जुने असे काहीच दिसत नव्हते. होम्स तारा पाठवी, रेल्वेने फिरे, रसायनशास्त्राचे नवे प्रयोग करी. तो त्या वाचकाचा समकालीन होता. ऐतिहासिक पोशाख त्याच्या अंगावर नंतर चढला. 1940 च्या दशकात बॅझिल रॅथबोनच्या चित्रपटांनी तो एकदा उतरवून होम्सला थेट नाझींच्या हेरांमागे धाडले होते. तेव्हा 2010 चा प्रयोग हा मूळ कथेशी द्रोह होता, असे मला वाटत नाही. उलट होम्सला त्याचे समकालीनत्व त्याने परत दिले.

रूपांतराचे कसब कशात असते, ते दोन-तीन जागी स्पष्ट दिसते. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये होम्स वॉटसनच्या घड्याळावरून त्याच्या भावाचे व्यसन ओळखतो : किल्ली देण्याच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे मद्यप्याचा थरथरता हात. मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल आला आणि ओरखडे चार्जिंगच्या खाचेभोवती गेले. तर्क तोच. भिंतीवर रक्ताने लिहिलेल्या ‘राखे’ या शब्दाचे काय झाले, ते तर पाहण्यासारखे आहे. कादंबरीत पोलीस म्हणतात, ‘रेचल’ हे नाव अपुरे राहिले. होम्स सांगतो, हा सूड या अर्थाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत पोलिसांच्या तज्ज्ञाला जर्मन शब्द सुचतो आणि होम्स त्याला उडवून लावून ‘रेचल’ म्हणतो. कादंबरी पाठ असलेला प्रेक्षकच येथे फसतो!

आता जखमेकडे येऊ. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्याला लागते. 1890 च्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायात सापडते. डॉयल यांच्या या विस्मरणावर होम्सभक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. मालिकेने तो एका फटक्यात मिटवला : गोळी खांद्यालाच लागली होती, लंगडणे मनाचे होते. 1880 साली युद्धाच्या मानसिक आघाताला वैद्यकात नाव नव्हते; 2010 च्या प्रेक्षकाला समुपदेशकासमोर अवघडून बसलेला सैनिक समजावून सांगावा लागत नाही. मला हा त्या भागातला सर्वोत्तम बदल वाटतो.

पण ही जखम नेमकी कुठली?

कादंबरीतला वॉटसन जहाजातून उतरतो तो मुंबईत. तेथे त्याला कळते, की आपली पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली आहे. तो कंदाहार गाठतो, पुढे बर्कशायर पलटणीबरोबर जातो आणि मैवंदच्या लढाईत जखमी होतो. ही लढाई खरी आहे : 27 जुलै 1880. जनरल बरोज यांच्या सुमारे 2,500 सैनिकांचा अयुब खानाने धुव्वा उडवला आणि त्यांतले 900 हून अधिक मारले गेले. वाचलेले रखरखीत उन्हात, पाण्यावाचून कंदाहारकडे हटले. डॉयल यांच्या वाचकांना हे सांगावे लागत नव्हते. लढाईला जेमतेम सात वर्षे झाली होती आणि रेडिंग शहरात बर्कशायर पलटणीच्या मृतांसाठी सिंहाचा प्रचंड पुतळा नुकताच उभा राहिला होता.

त्या सैन्यात गोरी पायदळ पलटण ही एकच, 66 वी. बाकीचे बहुतेक सैन्य मुंबई इलाख्याचे होते : बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, सिंध हॉर्स, बॉम्बे सॅपर्सची तुकडी. मृतांत बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. वॉटसनच्या कथनात त्यांतल्या एकाचेही नाव नाही. नाव आहे त्याला घोड्यावर घालून वाचवणाऱ्या मरे या सेवकाचे. (66 व्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा लढाईतून वाचला, व्हिक्टोरिया राणीने त्याला पदक दिले आणि पुढे तो एका घोडागाडीखाली सापडून मेला. पेंढा भरलेला बॉबी आजही सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे.)

मैवंदचा पराभव मुंबई सैन्याला महागात पडला. काबूलहून कंदाहारवर चालून जाऊन अयुब खानाला हरवणारे रॉबर्ट्स 1885 मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. लढाऊ जमाती आणि बिगरलढाऊ जमाती या विभागणीचे ते कट्टर पुरस्कर्ते. दक्षिणेकडच्या शिपायांविषयी त्यांचे मत फारसे बरे नव्हते. एकट्या मैवंदला दोष देता येणार नाही, पण त्या मताला तेथे आधार सापडला. 1890 च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध 1894 मध्ये अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त लष्करी होते.

यातले काहीच मालिकेत यायचे कारण नव्हते. 2010 चा जॉन मुंबईमार्गे जात नाही आणि त्याच्या सैन्यात मुंबईच्या पलटणी नाहीत. ब्रिटिश सैनिक तेव्हा हेल्मंड प्रांतात लढत होते आणि मैवंद त्याच्या सीमेलगत, कंदाहार प्रांतात आहे. अफगाणिस्तानात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचा आकडा प्रसारणाच्या महिनाभर आधी 300 वर गेला होता. प्रसारणानंतर दोनच दिवसांनी मैवंदला 130 वर्षे पूर्ण झाली. अफगाणांना ती तारीख विसरणे शक्य नाही. मलाला युसुफझाईचे नाव ज्या मलालाईवरून ठेवले गेले, ती या लढाईचीच नायिका.

अफगाणिस्तान तरले, कारण तेथे पुन्हा युद्ध चालू होते. ‘द साइन ऑफ फोर’ला असे भाग्य लाभले नाही. तिचा कणाच 1857 चा : आग्र्याचा किल्ला, लुटलेला खजिना, अंदमानची कैद, आणि त्या खजिन्यावर हात मारणारा मेजर शोल्टो. 2014 मध्ये तिच्यावरून ‘द साइन ऑफ थ्री’ झाला, तेव्हा खजिना, आग्रा, अंदमान सगळे गळाले. शोल्टो उरला, पण अफगाणिस्तानात आपली माणसे गमावून खचलेला एक सज्जन अधिकारी म्हणून. भाग म्हणून तो हृद्य आहे. वॉटसनच्या लग्नाचा प्रसंग मी तीनदा पाहिला आहे. तरीही मूळ शोल्टो हा लुटारू होता आणि ती लूट हिंदुस्थानातली होती, हे केवळ मालिका पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही. डॉयल यांनी तेथे शीख पात्राला ‘महोमेत सिंग’ असे अशक्य नाव दिले होते. त्यांचे अज्ञान अफाट होते, पण खजिना कुठून आला हे त्यांनी लपवले नव्हते.

मुंबईत आझाद मैदानाजवळ हजारीमल सोमाणी मार्ग आहे. त्याचे जुने नाव वॉडबी रोड. मैवंदच्या तीन महिने आधी, एप्रिल 1880 मध्ये, कंदाहारच्या वाटेवरची एक चौकी लढवताना मुंबई पायदळाचे मेजर वॉडबी मारले गेले. त्यांच्याबरोबर पलटणीचे दोन हिंदी शिपाईही लढता लढता पडले. रस्त्याला नाव मेजरांचे मिळाले.