तीन पैशाचा तमाशा आणि आपला जॅझ

जॅझवरून सुचलेलं मराठी नाटक कुठलं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणेन. तुम्ही म्हणाल, त्यात तर लावणी होती, जॅझ कुठला? गंमत तिथेच आहे.

मूळ कथा लंडनची. 1728 साली जॉन गे याने चोर, भिकारी आणि लाचखाऊ अधिकाऱ्यांवर ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला आणि त्यात थेट रस्त्यावरच्या चाली घातल्या. बड्या लोकांच्या इटालियन ऑपेराची ती टर होती. बरोबर 200 वर्षांनी, 31 ऑगस्ट 1928 ला, ब्रेश्टने तीच गोष्ट बर्लिनच्या रंगमंचावर आणली. संगीत कुर्ट वाइलचं. वादक अवघे सात, पण तेच आलटून पालटून वीसाहून जास्त वाद्यं वाजवायचे. सॅक्सोफोन, बँजो, ट्रम्पेट. म्हणजे नाचघरातला ऐवज. सोवळ्या रसिकांनी नाक मुरडावं असं संगीत होतं ते, आणि वाइलला नेमकं तेच हवं होतं.

आणखी 50 वर्षांनी, 1978 साली, पुलंनी ते मराठीत आणलं. थिएटर अकॅडमीची निर्मिती, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. आता वाइलचा जॅझ जसाच्या तसा उचलला असता तर काय झालं असतं? मुंबईत जॅझ वाजायचा तो ताजमध्ये! 1935 साली लिऑन ॲबीचा बँड आला तोही तिथेच. बर्लिनमध्ये हलका ठरलेला जॅझ आपल्याकडे साहेबांचा होता. नाक मुरडायला आपल्याकडे लावणी होती. आणि टर उडवायला ऑपेरा नसला तरी नाट्यसंगीत होतंच की! म्हणून या नाटकात लावणी, नाट्यपद, सिनेमाची चाल असं सगळं एकत्र नांदलं. अंकुशला मात्र रॉक. ती भूमिका नंदू भेंडेची. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा हा मुलगा त्याआधी अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास झाला होता. माझ्या मते चंदावरकरांनी वाइलची चाल नाही, त्याची खोड उचलली.

नाटकात गुंड आणि पोलीस अधिकारी जिवलग दोस्त असतात. (नायगावच्या पोलीस लाइनीतल्या काका-मावश्यांनी हलकेच घ्यावं!)

पुढची गोष्ट मात्र मला टोचते. वाइलने मॅकीसाठी केलेली चाल 1955 साली लुई आर्मस्ट्राँगने गायली. उसना घेतलेला जॅझ असा जॅझवाल्यांच्या घरी परत गेला. लावणीचं तसं झालं नाही. आपल्या नायगावपासून हाकेच्या अंतरावर लालबागचं हनुमान थिएटर होतं. तिथे अस्सल तमाशा व्हायचा, आणि समोर बसायचे ते गिरण्यांतले, बीडीडी चाळींतले लोक. दादरचे किती नाट्यरसिक ती पायरी चढले असतील? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तिकिटाला पैसे काढणारा कामगारच हळूहळू तिथून नाहीसा झाला, आणि पुढे हनुमान थिएटरही बंद पडलं.