घट्ट बसलेल्या नटाची दोनशे वर्षांची गोष्ट



मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण या आपल्या भाताच्या तालुक्यांत चिखलणी ऐन भरात येते आणि नेमके तेव्हाच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे एखादे फिटिंग गळू लागते. बदलायला जावे तर ते जागचे हलत नाही. मग पान्यावर पाइप चढवून जोर लावायचा, नाहीतर छिन्नी-हातोडा घ्यायचा. आटे जातात, कधी बसवायचे तोंडच तडकते, आणि लावणी मागे पडते. हे फिटिंग असे का धरून बसते, हे समजायचे तर थोडे मागे जाऊ या.

1795 साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. तत्त्व सोपे आहे. बंद भांड्यातल्या पाण्यावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणून लहान दट्ट्या दाबला तर मोठा दट्ट्या भारी ओझे उचलतो. अडचण गळतीची होती. ब्रामाकडचा कारागीर हेन्री मॉडस्ले याने त्यावर कातड्याची वाटी बसवली, असे सांगतात. दाब वाढेल तशी ती वाटी आणखी घट्ट बसे. आपल्या ट्रॅक्टरची रबरी सीलसुद्धा याच रीतीने काम करते. दाब आत असेपर्यंत ती सैल होत नाही, हे ध्यानात ठेवा.

याच मॉडस्लेने सारखे आटे पाडणारा लेथ तयार केला. तरी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळेच असत. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली सर्वांसाठी एकच माप सुचवले, 55 अंशांच्या आट्याचे. अमेरिकेत 1864 साली विल्यम सेलर्सने 60 अंशांचा आटा मांडला. झाले, जगात दोन घराणी तयार झाली!

हायड्रॉलिक ट्रॅक्टरवर आणले ते आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनने 1926 साली तीन सांध्यांच्या जोडणीचे आणि हायड्रॉलिक नियंत्रणाचे पेटंट घेतले. 1939 साली फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरने ही पद्धत जगभर नेली.

आपल्या शेजारी कांदिवलीला 1963 साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी ट्रॅक्टर कंपनी उभारली. तिथला बी-275 मूळचा इंग्लंडातल्या बांधणीचा. तिकडे 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण पाइपाचे आटे इंचातच राहिले. म्हणून आज एकाच ट्रॅक्टरवर मिलिमीटरचे नट आणि इंची फिटिंग शेजारी-शेजारी दिसतात.

पाव इंची ब्रिटिश पाइपाला इंचामागे 19 आटे असतात, अमेरिकनला 18. अर्धा इंचीला दोन्हीकडे 14 असतात, पण कोन वेगळा. त्यामुळे चुकीचे फिटिंगही काही फेरे आत जाते, मग आवळताना कचते आणि कायमचे बसते. त्यात कोकणचा पाऊस आणि चिखल. गंज बाकीचे काम करतो.

आता सोडवायचे कसे?

सर्वांत आधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढे-मागे फिरवून आतला दाब सोडा. उन्हात उभ्या ट्रॉलीचा कपलर निघत नसेल तर बहुधा तापलेल्या तेलाचा दाबच त्याला धरून असतो. तेल थंड होऊ द्या.

मग तारेच्या ब्रशने माती-गंज काढा, गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मापाचाच पाना घ्या, पाइप-पान्याने नटाच्या कडा झिजतात. एका पान्याने मागचा भाग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. आधी किंचित आवळून मग सोडलेला नट लवकर मोकळा होतो. तेल आणि रबरी होज जवळ असताना गॅसची ज्योत लावू नका.

आणि हे विसरू नका, बरं का. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण 150 ते 200 किलो दर चौरस सेंटीमीटर एवढा दाब असतो. सुईएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण उशीर केला तर बोट, कधी हातही काढावा लागतो. गळती बोटाने कधी चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. धार लागलीच तर दुखण्याची वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि आत तेल गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नवे फिटिंग आणताना जुने बरोबर न्या आणि आट्याला आटा लावून पाहा. बसवताना पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरले पाहिजेत. अडले तर थांबा, माप चुकले आहे. पाऊस संपला की कपलर पुसून, तेलाचा हात देऊन टोपण लावा. पुढच्या चिखलणीला पाना एका हाताने फिरेल.